फिरलेले वासे

आमच्या जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक हमरस्त्यावरची, म्हणून सडक अर्जुनी. आणि दुसरी आगगाडीच्या रस्त्यावरची, शेजारच्या मोरगावाला धरून राहिलेली, म्हणून अर्जुनी मोरगाव. नवखा पाहुणा हटकून भलत्याच अर्जुनीला उतरतो, आणि मग उन्हातान्हात विचारत विचारत आमच्याकडे येऊन पोचतो. पाणी पिऊन झाले, घाम पुसून झाला, की तो सपरीत बसतो आणि त्याची नजर खांबांवर जाते. खांब चांगले हातभर जाड, काळपट तांबूस रंगाचे. पण प्रत्येकाच्या अंगावर कुठे चौकोनी भोक, कुठे खाच, कुठे अर्धवट कोरलेली पन्हळ. भोकात काही बसवलेले नाही, खाचेवर काही टेकलेले नाही. पाहुणा थोडा वेळ संकोचतो आणि शेवटी विचारतोच, "वाढयाची काही चूक झाली का हो?"

मी म्हणते, "चूक नाही. हे लाकूड पूर्वी दुसरीकडे नोकरीला होते. तिथल्या कामाच्या खुणा आहेत त्या."

बहुतेक पाहुणे हसतात आणि विषय तिथेच संपतो. पण ती नोकरी कुठली, आणि तिथून इथवर बदली कशी झाली, हे सांगायचे तर बसून सांगायला हवे. दिवाळीच्या निवांत दिवसांत ते सांगावे असे वाटले.

माझे माहेर अर्जुनीपासून दहाबारा किलोमीटरवरचे. भोवती धानाच्या बांध्या, गावाच्या उशाला बोडी, आणि पलीकडे नवेगावच्या जंगलाची निळी रेघ. घर कवेलूचे. घरामागे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला कोठा. पुण्यामुंबईकडे ज्याला गोठा म्हणतात त्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. आमचा कोठा चार खणांचा होता. चार खण म्हणजे खांबांच्या पाच ओळी. प्रत्येक ओळीत मधला खांब उंच, त्याच्या डोक्यावर आढे. दोन्ही अंगांचे खांब बुटके. पाच त्रिक पंधरा खांब. आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर बांबूच्या कमच्या आणि कमच्यांवर कवेलू. एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला गाई-म्हशी, आणि वर माळ्यावर तणीस. पावसाळ्यात संध्याकाळी डासांसाठी गोवऱ्यांचा धूर करीत. तो धूर कवेलूंच्या फटींतून झिरपत बाहेर पडे, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटे की कोठ्यालाच श्वास आहे.

कोठा आजोबांनी बांधला, तेव्हा आमच्याकडे मालगुजारी होती. मालगुजाराच्या जंगलातून गावकऱ्यांना घरासाठी, नांगरासाठी, बंडीसाठी निस्तार हक्काने लाकूड मिळे. १९५१ साली मालगुजारी संपली आणि जंगले सरकारजमा झाली. त्याच्या काही वर्षे आधी आजोबांनी रानातून बंडीमागे बंडी लाकूड आणले. खांब सागाचे आणि बिजाचे, तुळया सागाच्या, वासे बहुतेक येनाचे. बाबा सांगत, की खांबाचे झाड पसंत करायला आजोबा स्वतः जात आणि बुंध्याला मिठी मारून पाहत. दोन्ही हातांची बोटे पलीकडे एकमेकांना लागली, की म्हणत, "हे पोर आहे अजून, राहू द्या." हे खरे असेल किंवा बाबांनी रचले असेल, पण खांबांची जाडी पाहिली, की खरे वाटे.

त्या कोठ्यात मी लपंडाव खेळले, वासराला दूध पाजले, परीक्षेत गणित चुकले म्हणून रडले, आणि लग्न ठरले तेव्हा बैलांना जाऊन सांगितले. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि एकतीस वर्षे या गावाहून त्या गावी बदल्या होत राहिल्या. माहेरी जाणे दिवाळीपुरते उरले. तरी गेले, की चपला काढायच्या आधी कोठ्यात डोकावून येण्याची सवय काही गेली नाही.

मग हळूहळू कोठा रिकामा होत गेला. आधी म्हशी गेल्या. मग दादाने ट्रॅक्टर घेतला आणि बैलजोडी विकली. शेवटचा पाखऱ्या बैल गेला त्या वर्षी दादाने पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जाण्याचे टाळले, असे वहिनींनी मला फोनवर सांगितले. रिकाम्या घराची दैना लवकर होते. आमच्याकडे वानरे फार. ती कवेलूंवरून उड्या मारीत जातात आणि प्रत्येक उडीला पाच-सात कवेलू फुटतात. फुटलेल्या कवेलूंच्या जागी नवे घालणारा कुणी उरला नाही; कवेलू घडवणारेही उरले नाहीत. पावसाचे पाणी आत येऊ लागले. म्हणून लोक टिनाचे पत्रे घालतात. दादाच्याही मनात तेच होते. कोठा पाडायचा, जागा साफ करायची आणि ट्रॅक्टरला पत्र्याचे शेड घालायचे. त्यात त्याचे काही चुकत होते असे मला आजही वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात मी सहज म्हणून गेले, तर अंगणात एक अनोळखी गृहस्थ उभे. हातात टेप, कानाला पेन्सिल, खिशात वही. ते जुन्या लाकडाचे व्यापारी होते. पडक्या वाड्यांचे, कोठ्यांचे लाकूड घेऊन शहरांत विकतात. मोठ्या शहरांत आता जुन्या सागाला फार मागणी आहे. हॉटेलांना हवे असते, बंगल्यांना हवे असते. ते कोठ्यात शिरले आणि वर बोट करून मोठ्याने मोजू लागले, "एक, दोन, तीन, चार..."

माझ्या अंगावर काटा आला. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असे मी शाळेत मुलांना किती वर्षे शिकवले! म्हणीचा अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. पण वासे खरोखर मोजताना मी कुणाला पाहिले नव्हते. ते बेचाळीस भरले. तुळया, खांब, आढे धरून अठ्ठेचाळीस हजारांना सौदा ठरला. पाच हजार बयाणा त्यांनी दादाच्या हातावर ठेवला आणि सांगितले, "दोन दिवसांचं काम आहे. करवत लावून पाडून टाकू."

त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही दोघांनी अर्जुनीत जागा घेऊन ठेवली होती. निवृत्तीनंतरचे छोटेसे घर बांधायचे होते. नकाशा तयार होता. पहाटे उठून मी दादाला म्हटले, "कोठ्याचे लाकूड मला दे."

दादा चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली. "तुले पाहिजे होतं, तं तवाच सांगाचं होतं."

'तवाच' म्हणजे कधी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. १९९९ साली, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला त्या वर्षी, बाबा वारले. पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला मी गेले, दादाला ओवाळले, त्याने साडी दिली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्र केले. कुणी जबरदस्ती केली नाही. मी नोकरीत होते, दादाच्या डोक्यावर कर्ज होते, आणि बहिणीने सही करायची असते असाच रिवाज होता. पुढे २००५ साली कायदा बदलला आणि मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वर्गात मुलींना मी तो कायदा मोठ्या अभिमानाने समजावून सांगत असे. आपण स्वतः काय केले, ते मात्र सांगत नसे. सही करताना मला वाईट वाटले नव्हते. वाईट वाटायला लागले ते नंतर, आणि कशाबद्दल ते मलाच नीट कळत नव्हते. जमीन मला नकोच होती. पण त्या कागदानंतर माहेरी मी जरा पाहुणीसारखी बसू लागले. दादाही माझ्याशी जरा जास्तच अदबीने बोलू लागला. भांडण झाले असते तर बरे, असे कधीकधी वाटे.

आता त्या कोठ्याच्या एका खुंटीवरही माझा हक्क नव्हता. तसे दादा बोलला नाही. पण त्याच्या त्या एका वाक्यात सगळे आले होते. मी गप्प झाले. तोही गप्प झाला.

तिढा सोडवला वहिनींनी. त्या चुलीपुढून उठल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "ताई, फुकट नेसान तं लोकं तुमाले नावं ठेवतीन, अन् विकत नेसान तं आमाले. मंग लोकाईले इचारूच नाही. त्या माणसानं अठ्ठेचाळीस दिले. तुमी तेवढेच द्या. बयाणा मी वापस करते."

दादा एकदम उसळला. "बहिणीपासून पैसे घेऊ?"

"टिनाचे पैसे कोण देईन मंग?" वहिनी शांतपणे म्हणाल्या.

मी पैसे दिले. वहिनींनी ते माझ्यासमोर मोजून घेतले. नवल असे, की नोटा मोजल्या जात असताना मला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मोकळे वाटले. ना कुणी कुणावर उपकार केला, ना कुणी काही सोडून दिले.

वैशाखात कोठा उतरवला. त्यासाठी मी शेजारच्या गावचे म्हातारे वाढईबुवा आणले. ते आले, कोठ्याभोवती एक फेरी मारली, खांबावर हातोडीची मूठ ठोकून कान लावला, आणि पहिली आज्ञा केली, "करवत गाडीतच राहू द्या. हा कोठा तोडाचा नाही जी, उलगडाचा."

उलगडायचा! घराला हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. पण त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. आढ्यात, तुळयांत, खांबांत कुठेही लोखंड नव्हते. खांबाच्या डोक्याला कुसू काढलेले, ते तुळईच्या भोकात बसवलेले आणि आडवी लाकडी खुंटी मारून पक्के केलेले. वाढईबुवा खुंटीच्या बारीक टोकावर लाकडाचा ठोकळा ठेवीत, वर दोन घाव घालीत, आणि ऐंशी वर्षांची खुंटी सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर येई. मग तुळई उचलायची. आधी कवेलू, मग कमच्या, मग वासे, मग आढे, मग तुळया, शेवटी खांब. बांधताना जो क्रम, त्याच्या नेमका उलट.

तुळई खाली आली तेव्हा वाढईबुवांनी मला हाक मारली. भोकाशेजारी पटाशीने तीन उभ्या रेघा कोरलेल्या होत्या. त्या जागच्या खांबाच्या कुसवावरही तीन रेघा. पुढच्या जोडीवर चार, आणि पाचव्यावर फुली. ज्या वाढयाने कोठा बांधला त्याने जमिनीवर एकेक सांधा आधी जुळवून पाहिला होता आणि कोण कुठे बसायचा ते लिहून ठेवले होते. बांधताना त्याला त्या खुणा लागल्या. उलगडताना आम्हांला लागल्या. मी विचारले, "त्याला माहीत असेल का, की पुढे कुणी हा कोठा सोडवणार आहे?"

"वाढयाले माहीत रायते," ते म्हणाले. "खिळा मारणाऱ्याले नसते."

सागाचे लाकूड गावाबाहेर न्यायचे म्हणजे वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. अर्ज केला, जुन्या बांधकामाचा दाखला जोडला, माणसे येऊन पाहून गेली आणि लाकडांवर खात्याच्या हातोड्याचे ठसे उमटले. आजोबांच्या वाढयाच्या रेघांशेजारी सरकारचा गोल शिक्का. कोठा अखेर ट्रॅक्टरवर चढून अर्जुनीला निघाला. पुढे बसून ट्रॅक्टर हाकीत होता दादाच.

घर फिरले की घराचे वासे फिरतात, ही दुसरी म्हण. दैव फिरले की आपली माणसेही उलटतात, असा तिचा अर्थ मी शिकवीत आले. त्या दिवशी बेचाळीस वासे ट्रॉलीत आडवे पडून बांधीबांधीने चाललेले पाहिले, आणि म्हणीतले वासे बिचारे उगीच बदनाम झाले आहेत असे वाटले.

जुने लाकूड म्हणजे सगळेच सोने असते असा माझा समज होता. वाढईबुवांनी तो लवकरच मोडला. त्यांनी लाकडाची निवड केली ती एखाद्या कडक परीक्षकासारखी. जे खांब दगडी उथळ्यावर उभे होते ते तळापर्यंत टणक निघाले. जे नुसते मातीत पुरले होते त्यांचे तळचे दीड-दोन हात गेलेले. जमिनीच्या वरच्या पाण्यात आणि हवेत जिथे दोन्ही मिळतात तिथे लाकूड आधी कुजते, असे त्यांनी दाखवले. सागाचा बाहेरचा पांढरट थर किड्याने खाल्ला होता, पण आतल्या गाभ्याला त्याने तोंडही लावले नव्हते. गाभ्यात तेलाचा अंश असतो, तो किडीला आणि वाळवीला दूर ठेवतो. येनाच्या वाशांपैकी अकरा बाद झाले. एक तुळई वरून धडधाकट दिसत होती. तिच्या पोटात उभी चीर निघाली. मला ती फार आवडली होती. मी म्हटले, बसवा हीच. ते म्हणाले, "बाई, तुमी खाली झोपणार ना?" त्या तुळईच्या मग दाराच्या चौकटी झाल्या.

एक गंमत सांगते. बिजाच्या खांबावर रंधा मारला तेव्हा निघालेला भुसा पावसाच्या पाण्यात भिजला. पेल्यात घेऊन ते पाणी उन्हात धरले, तर पिवळसर पाण्याच्या काठाला निळी झाक! बिजाच्या लाकडाचा हा गुण जाणते लोक ओळखतात. त्याचे पेले करून मधुमेहाची माणसे त्यातले पाणी पितात. ऐंशी वर्षे बैलांचा भार सोसून त्या खांबाने आपला रंग जपून ठेवला होता.

नंतरच्या लोकांनी डागडुजीत मारलेले खिळे हे मोठे दुखणे निघाले. झिजून लाकडात बुडालेला खिळा दिसत नाही आणि यंत्राच्या करवतीचे पाते क्षणात जाते. शेवटी वाढईबुवांच्या नातवाने जुन्या रेडिओच्या कर्ण्यातले लोहचुंबक दोरीला बांधले आणि प्रत्येक लाकडावरून ते फिरवले. चुंबक जिथे ओढ घेई तिथे खडूची फुली. एका तुळईत सतरा फुल्या झाल्या. हे सगळे मजुरीचे दिवस धरले, तर जुने लाकूड स्वस्त पडले असे मी कुणाला सांगणार नाही. पण ते ऐंशी वर्षे वाळलेले होते. जे आकसायचे, वाकायचे, तडकायचे ते त्याचे केव्हाच करून झाले होते. नव्या लाकडाची दारे पहिल्या पावसाळ्यात फुगून बसतात. आमची एकही बसली नाही.

माझा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. मी फोटो पाठवले तेव्हा त्याने उलट एका उपाहारगृहाचा फोटो पाठवला. भिंतभर जुन्या, करड्या फळ्या. "आई, हे इथल्या कोठ्याचे लाकूड," त्याने लिहिले होते. तिकडे शेतावर गुरांसाठी आणि गवतासाठी प्रचंड लाकडी कोठे असत, त्यांना बार्न म्हणतात. शेती बदलली, कोठे ओस पडले, आणि आता त्यांचे लाकूड काढून घरांच्या तुळया आणि जमिनी करतात. त्यांतल्या चेस्टनटच्या लाकडाची कथा त्याने सांगितली ती मनात राहिली. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या झाडांवर एक बुरशीचा रोग दिसला, आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत त्या देशातली अब्जावधी झाडे त्याने मारली. आता मोठे झालेले चेस्टनट रानात जवळजवळ सापडत नाही. ते उरले आहे ते जुन्या कोठ्यांच्या खांबा-वाशांत. मेलेली झाडे किड्यांनी पोखरली, ती तशीच कापली; त्या भोकाभोकांच्या फळ्यांना तर तिथे जास्तच भाव येतो. हे वाढईबुवांना सांगितले, तर ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग बाद केलेल्या अकरा वाशांकडे बोट करून म्हणाले, "हे पाठवून द्या मंग पोराकडं."

आमच्याकडचा साग सुदैवाने मेलेला नाही. १९७५ साली नवेगावचे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तिथली मोठी झाडे तिथेच उभी राहावीत हेच योग्य. पण याचा अर्थ असा, की आजोबांनी मिठी मारून निवडलेल्या झाडासारखा खांब आता कुणी नव्याने आणू शकत नाही. जो आहे तो कुठल्यातरी पडत्या कोठ्यात आहे. तो चुलीत घातला, की संपला. आणि लाकूड टिकते किती? कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखालच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे तशाच आहेत. जपानात इसे येथे एक देवस्थान आहे. ते दर वीस वर्षांनी मुद्दाम नवे बांधतात. २०१३ साली बांधले ते बासष्टावे. जुने लाकूड मात्र टाकीत नाहीत. आढे पेलणाऱ्या मोठ्या खांबांची देवस्थानच्या पुलावर कमान होते, तिथे वीस वर्षे काढली की ते आणखी पुढच्या गावी जातात. बाकीचे लाकूड इतर देवळांना वाटून देतात. तिथल्या खांबाला बदली ठाऊक आहे. माझ्यासारख्या बदल्यांत जन्म गेलेल्या बाईला हे वाचून फार बरे वाटले.

आमचे घर काही सगळे लाकडाचे नाही. भिंती विटांच्या, जमीन फरशीची, स्वयंपाकघरावर सिमेंटचा स्लॅब. पण सपरीला कोठ्याचे सहा खांब आहेत. तळ कापल्यामुळे ते आखूड झाले, म्हणून खाली उंच दगडी उथळे दिले. मधल्या खोलीवर कोठ्याचे आढे आहे आणि त्याला बंगई टांगली आहे. एकतीस वासे मधल्या खोलीवर आणि सपरीवर मिळून लागले. सगळ्या लाकडाला जवसाचे तेल पाजले. दोन दिवस घरभर तो वास होता. आमचे हे आधी माझी थट्टा करीत, "नव्या घराला जुनी हाडं." आता दुपारी बंगईवर तेच झोपलेले असतात.

काम चालू असताना एकदा मी वाढईबुवांना म्हटले, की ही जुनी भोके बुजवून टाकू या का? ते म्हणाले, बुजवली तरी लाकूड विसरते थोडेच. राहू दिली. मला वाटते, आमचे हक्कसोडपत्र म्हणजे एक खिळा होता. पटकन मारला, काम झाले. पण मग तो आतल्या आत गंजत राहिला, वरून दिसेना आणि ओढ मात्र लागे. त्यापेक्षा वाटण्या करतानाच आमच्यातल्या कुणी एकाने वाढयासारखे वागायला हवे होते. काय कुणाचे, कोण कुठे बसणार, ते आधी जमिनीवर मांडून रेघा ओढायला हव्या होत्या. वाटणीने घर मोडते असे म्हणतात. घर वाटणीने मोडत नाही, करवतीने मोडते. सोडवता येतो असा सांधा असला, की तीच लाकडे पुन्हा दुसरीकडे उभी राहतात.

कापलेल्या खांबांच्या तळच्या तुकड्यांपैकी एक बरा निघाला. त्याचा वाढईबुवांच्या नातवाने चाकांचा नंदी करून दिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरे लाकडी नंदी सजवून मिरवतात. दादाच्या नातवाने गेल्या वर्षी तोच नंदी ओढला. ज्या खांबाला बैल बांधत त्याचाच बैल झाला, हे त्या पोराला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे काही कारणही नाही.

गेल्या वर्षीची दिवाळी आमची नव्या घरातली पहिली. धान कापणीला आले होते, गावोगाव मंडईची, दंडारीची तयारी चालली होती. भाऊबीजेला दादा आणि वहिनी आले. मी ओवाळले. दादाने पाकीट दिले. ते रात्री उघडून पाहिले, तर आत अठ्ठेचाळीस हजार नव्हते हो. पाचशे एक रुपये होते, दरवर्षीसारखे. मला हायसे वाटले. अठ्ठेचाळीस असते तर सगळेच पुन्हा बिघडले असते.

पण ते रात्रीचे. दुपारी जेवणे झाली, विडे झाले, आणि दादा सपरीत खांबाला पाठ टेकून बसला. त्याचा हात आपसूक मागे गेला आणि खांबावरच्या एका गुळगुळीत खोलगट वळावर फिरू लागला. दाव्याच्या दोराने पडलेला तो वळ होता. रंध्याखाली तो जाऊ द्यायचा नाही, असे मी वाढईबुवांना बजावून ठेवले होते.

"पाखऱ्या ह्याच खांबाले होता," दादा म्हणाला. त्याला वळून पाहावे लागले नाही.

मग तो वर पाहू लागला. ओठ हलत होते. सपरी संपली, तसा तो उठून मधल्या खोलीत गेला आणि तिथेही मान वर करून उभा राहिला. मला वाटले, काही पुटपुटतो आहे. मी विचारले, "काय करतोस रे दादा?"

"काही नाही," तो म्हणाला. "वासे मोजून रायलो. एकतीसच भरते. बाकीचे अकरा कुठी गेले?"

मी आणि वहिनी एकदमच हसलो. खाल्ल्या घरचे वासे इतक्या उघडपणे मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि या घरी त्याला तेवढा हक्क आहेच.